मार्क फिड्रिचचा खांदा झिजला की झिजवला?

चर्चाप्रस्ताव : सांजपाखरू

चेंडूशी पुटपुटणारा आणि गुडघे टेकून पिचरच्या (बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याच्या) उंचवट्यावरची माती हाताने सारखी करणारा मार्क फिड्रिच १९७६ साली डेट्रॉइट टायगर्स या अमेरिकी संघाकडून मैदानात उतरला, तेव्हा तो २१ वर्षांचा होता. १९ विजय, दर नऊ डावांमागे प्रतिस्पर्ध्यांना दिलेल्या सरासरी अवघ्या २.३४ धावा आणि सर्वोत्तम नवोदिताचा किताब ही त्या एका मोसमाची कमाई. पुढच्या चार मोसमांत मिळून तो जेमतेम २७ सामने खेळला. याचे खापर मी व्यवस्थापक राल्फ हाउक यांच्यावर फोडतो. मेच्या मध्यापासून त्यांनी या पोराला २९ सामन्यांत पहिल्या डावापासून उतरवले आणि त्यांपैकी २४ त्याने शेवटपर्यंत एकट्याने टाकले. एरवी सामना नऊ डावांचा, पण ३१ मे आणि ५ जूनच्या सामन्यांत तर प्रत्येकी ११ डाव. त्याच्या नावावर मैदान भरत होते, मग त्याला मध्येच बाहेर कोण काढणार?

प्रतिसाद : रानवारा

हा न्याय एकांगी आहे. मार्च १९७७ मध्ये, मोसमापूर्वीच्या सरावात, उंच उडालेले चेंडू झेलण्याच्या भरात उडी मारताना त्याच्या गुडघ्याची कूर्चा फाटली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. पिचरचा चेंडू नुसत्या हाताने पडत नाही. पायाने रेटा दिल्यावर कंबर वळते आणि तो जोर शेवटी खांद्यात येतो, त्यामुळे पाय कचरला की उरलेला भार खांद्याने उचलायचा. त्याचा हात जुलैत गेला, म्हणजे गुडघ्यानंतर, हा क्रम आपण सोयीस्करपणे वगळला आहे. शिवाय १९७६ मध्ये त्याला मागे टाकून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावणाऱ्या जिम पामरने ३१५ डाव टाकले होते, आणि तो १९८४ पर्यंत खेळला.

प्रतिसाद : सांजपाखरू

पामर तेव्हा ३० वर्षांचा होता. त्याच पामरने १९६६ मध्ये, विशीत, दोनशेहून अधिक डाव टाकले आणि पुढची दोन वर्षे दुखऱ्या हातामुळे जवळजवळ वाया गेली. तो सावरला हे त्याचे भाग्य. आपले उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते.

प्रतिसाद : काठावरचा

दोघेही १९७७ पाशीच अडकला आहात. मला अधिक बोचते ते हे, की त्याच्या खांद्यातील रोटेटर कफ (सांध्याभोवतीचे स्नायू आणि स्नायुबंध) फाटल्याचे निदान डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी केले ते थेट १९८५ मध्ये, म्हणजे त्याने खेळ सोडल्यानंतर. मधली सगळी वर्षे तो फाटलेल्या खांद्याने पुनरागमनाचे प्रयत्न करत राहिला. मात्र त्या काळी खांद्याच्या आत डोकावण्याची साधने तोकडी होती, तेव्हा हा दोष कुणा एका माणसाच्या माथी मारणे मला जमणार नाही.

प्रतिसाद : रानवारा

निदानाचा मुद्दा मान्य. पण गुडघा शाबूत असता, तर निदानाची वेळच आली नसती.

प्रतिसाद : सांजपाखरू

गुडघ्याचा क्रम मी वगळला होता, हे कबूल. मात्र मग एवढेच सांगा : शस्त्रक्रियेनंतर जेमतेम दोन महिन्यांनी, मेच्या अखेरीस, तो पुन्हा उंचवट्यावर उभा राहिला, आणि त्या मोसमात सुरू केलेल्या ११ सामन्यांपैकी ७ त्याच्याकडून पूर्ण करून घेतले गेले. ते कोणत्या गुडघ्याच्या भरवशावर?