काउंटरवेट लावूनही सँडर हातात धरवत नाही, डिझाइनमध्ये चुकतंय कुठे?

अर्धवट_सुतार:

नमस्कार मंडळी. लाकडाची कामं हौस म्हणून करतो आणि गेले तीनचार महिने डोक्यात एकच खूळ आहे, आपला स्वतःचा रँडम ऑर्बिटल सँडर, म्हणजे लाकूड सँडपेपरने घासून गुळगुळीत करायचं हातातलं मशीन, बनवायचा. विकत मिळतो हे मला माहितीये, तो सल्ला कृपया देऊ नका, घरचे रोज देतात. तर मोटर ब्रशलेस, १२००० आरपीएमची, बॉडी थ्रीडी प्रिंट केलेली, खाली १२५ मिमीचा आठ भोकांचा व्हेलक्रो पॅड. मोटरच्या शाफ्टवर एक्सेंट्रिक बसवलाय म्हणजे सेंटरपासून बाजूला सरकवलेली पिन, त्या पिनवर ६००१ नंबरचं बेअरिंग आणि बेअरिंगवर पॅड, त्यामुळे पॅड गोल गोल झोके पण घेतो आणि शिवाय स्वतःभोवती मोकळा फिरू पण शकतो. ऑर्बिट ५ मिमीचं ठेवलं, जरा भराभर माल निघावा म्हणून.

आता रड अशी की चालू केल्यावर दोन मिनिटांत हाताला मुंग्या आणि पाच मिनिटांत बोटं बधिर. काउंटरवेट विसरलेलो नाही बरं का. पॅड, स्क्रू, बेअरिंग सगळं मिळून १२० ग्रॅम, त्याच्या उलट बाजूला बरोबर हिशोबाचं वजन लावलंय, आणि ही सगळी वरात एका सरळ रॉडवर चढवून दोन लेव्हल केलेल्या पट्ट्यांवर ठेवून बघितली तर कुठल्याच बाजूला गडगडत नाही, जिथे सोडू तिथे थांबते. म्हणजे बॅलन्स आहे ना? मग थरथर कसली?

दुसरी गोष्ट, लाकडावर गोल ओरखडे उठतायत. सँडपेपर जाडसर १२० चा असो नाहीतर बारीक २२० चा, ओरखडे तेच. मी आता ग्रिपवर जाड रबर चढवायच्या विचारात आहे, नाहीतर बॉडीच जड करायची. काय करू?

दहाचा_पाना:

ओरखड्यांचं मी सांगतो, थरथरीचं कोणीतरी शिकलेलं सांगेल. पॅडला ब्रेक दिलायस का? पोस्टमध्ये कुठे दिसला नाही म्हणून विचारतो. रँडम ऑर्बिटलमध्ये बॉडीच्या खालच्या कडेला एक रबराची रिंग असते, ती पॅडच्या पाठीला हलकीशी टेकलेली असते, लोकांना वाटतं ती धूळ अडवायला आहे. ती असते पॅडला आवरायला. बेअरिंग कितीही चांगलं असलं तरी आत ग्रीस असतं, सील असतं, थोडं ओढतंच, आणि त्या ओढीने पॅड मोटरच्या दिशेने फिरायला लागतो. लाकडावर टेकलेला असेल तर लाकूड त्याला आवरतं, सावकाश फिरतो. पण उचललास की आवरणारं कोणी नाही, दोनचार सेकंदात तो चढत चढत मोटरच्या वेगाला जाऊन भिडतो. मग तू परत खाली टेकवतोस आणि तो लाकडाला चावतो. दुरुस्तीला सँडर आणणारे हाच शब्द वापरतात, 'मशीन चावायला लागलंय', आणि उघडून बघितलं की रिंग झिजून कागदासारखी झालेली.

तपासायचं असेल तर पॅडच्या कडेला मार्करने एक जाड रेघ मार. काम करताना ती रेघ डोळ्याला दिसत, मोजता येईल इतपत हळू फिरली पाहिजे. दिसतच नसेल, नुसता धूसर पट्टा दिसत असेल तर ब्रेक नाही. आणि अजिबात हलत नसेल तर तू वरून फार दाबतोयस, मग एकाच जागी तेच तेच छोटे वळसे उमटत राहतात. सँडर दाबायचा नसतोच, हाताचं वजन ठेवलं की बास.

अर्धवट_सुतार:

ब्रेक नाहीये 🙈 मला खरंच ती धुळीची रिंग वाटली होती म्हणून गाळली. मार्कर मारून बघितलं, धूसर पट्टा.

गरगरे:

ब्रेकबद्दल दहाचा_पाना यांच्याशी सहमत, फक्त आकडा टाकतो म्हणजे किती चावत असेल ते कळेल. १२५ मिमीचा पॅड खरोखर १२००० ला फिरला तर कडेचा वेग सेकंदाला ७८ मीटरच्या आसपास जातो. नुसत्या ऑर्बिटचा, ५ मिमीच्या ऑर्बिटला, वेग असतो जेमतेम ३ मीटर. पेपर त्या ३ मीटरला काम करायला ठेवलेला आणि तू त्याला ७८ ला लाकडावर आपटतोयस.

आता थरथर. त्याआधी एक प्रश्न, ५ मिमी तू नक्की कुठून कुठे मोजलेस?

अर्धवट_सुतार:

शाफ्टच्या सेंटरपासून पिनच्या सेंटरपर्यंत ५ मिमी. का?

गरगरे:

तेच वाटलं होतं. मशीनवर लिहिलेलं ऑर्बिट म्हणजे पूर्ण वर्तुळाचा व्यास. ५ मिमी ऑर्बिट म्हणजे पिन सेंटरपासून २.५ मिमी सरकवायची. तुझा सँडर १० मिमीचा झालाय रे. बाजारातले फिनिशिंगचे साधारण अडीच-तीन मिमीचे असतात, जास्त माल काढणारे ५ चे, आणि त्याच्या वरचे म्हणजे दांडगाईच.

जोर किती येतो बघ. वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. ०.१२ किलो, ०.००५ मीटर, आणि १२००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२५७ रेडियन. उत्तर येतं साधारण ९४७ न्यूटन, म्हणजे ९५ किलोच्या वर. एक माणूस पॅडला लटकून सेकंदाला २०० वेळा गोल फिरतोय असं समज.

तू म्हणशील तेवढाच जोर उलट बाजूने काउंटरवेट लावतंय, हिशोब फिटला. जोराचा हिशोब फिटला हे खरंय, बेअरिंगचं वजन धरलंस तेही बरं केलंस, बरेच जण ते विसरतात. पण पॅड आहे खाली आणि तुझं काउंटरवेट आहे त्याच्या वर. मधे किती अंतर आहे? अंदाजे २० मिमी धरतो. एका माणसाच्या कमरेला दोर बांधून एकाने डावीकडे ओढलं आणि खांद्याला बांधून दुसऱ्याने तेवढ्याच ताकदीने उजवीकडे ओढलं तर तो जागचा सरकणार नाही पण वाकेल ना? तेच तुझ्या बॉडीचं होतंय. २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला जवळपास दहा किलो लटकवले तर जेवढा पीळ पडेल तेवढा पीळ, तोही दर फेरीला चारी दिशांनी. पट्ट्यांवर हे कधीच दिसणार नाही कारण तिथे काही फिरत नाहीये. तो स्टॅटिक बॅलन्स. तुला हवाय डायनॅमिक, आणि त्यासाठी वजनं दोन लागतात, दोन वेगळ्या उंचीवर.

आधी पिन २.५ वर आण. मग पॅडचे १२० गुणिले २.५ म्हणजे ३०० ग्रॅम-मिमी. समजा पहिलं वजन पॅडच्या वर २० मिमीवर आहे आणि दुसरं वर मोटरच्या कूलिंग फॅनपाशी, पॅडपासून ७० मिमीवर. खालचं वजन पॅडच्या उलट बाजूला ४२० ग्रॅम-मिमीचं, आणि वरचं पॅडच्याच बाजूला १२० ग्रॅम-मिमीचं. हो, पॅडच्याच बाजूला, इथे सगळे एकदा तरी गोंधळतात. ३०० आणि १२० एकीकडे, ४२० दुसरीकडे, जोर फिटला. ४२० गुणिले २० बरोबर ८४००, १२० गुणिले ७० पण ८४००, पीळ पण फिटला. दोन्ही वजनांचा मध्य शाफ्टपासून १५ मिमीवर ठेवलास तर खाली २८ ग्रॅम आणि वर ८ ग्रॅम. वरचे ८ ग्रॅम फॅनच्या रिंगमध्येच बसवता येतील, वेगळा पार्ट नको. तुझी खरी अंतरं मोजून आकडे बदल, माझी नुसती उदाहरणं आहेत.

आणि १२००० चे १०००० कर. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो त्यामुळे एवढ्यानेच ३० टक्के कमी होईल, कामात फारसा फरक जाणवणार नाही.

भुसा_नाकात:

बाप रे, मी तर फक्त वाचायला आलो होतो. एक शंका, बॉडी जड केली तर खरंच थरथर कमी होत नाही का? माझा जुना जडशीळ सँडर नव्यापेक्षा शांत आहे.

गरगरे:

होते की. बॅलन्स चुकलेली बॉडी किती हलणार ते चुकलेलं वजन आणि एकूण वजन यांच्या प्रमाणावर ठरतं. पण तो जडपणा दिवसभर मनगटाने वाहायचा, आणि उभ्या फळीवर किंवा डोक्याच्या वर छताला घासायचं असेल तर विचारूच नका. आधी मुळात हलणारं थांबवायचं, मग उरलंसुरलं बघू. रबराचंही तेच, दोनतीन मिमी रबर हाताला घाम आला तर सटकू नये म्हणून छान, यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. फार मऊ केलं तर हात एकीकडे आणि मशीन भलतीकडे.

शिसवी:

मी फिनिशिंगचं काम पोटासाठी करते म्हणून दोन शब्द. पहिलं म्हणजे अर्धवट_सुतार, बोटं बधिर होतायत तोवर ते मशीन परत हातात घेऊ नका, 'जरा टेस्ट करून बघतो' म्हणून पण नाही. हे नुसतं त्रासाचं नाहीये, रोज रोज झालं की थंडीत बोटं पांढरी पडायला लागतात आणि ते सहसा बरं होत नाही. युरोपात याचा नियम आहे, २००२ चा, हाताला बसणारी थरथर आठ तासांच्या सरासरीला २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाली की मालकाने उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. यात मेख अशी की थरथर दुप्पट झाली तर वेळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. ५ चं मशीन असेल तर २ तासांत तुम्ही त्या २.५ च्या रेषेवर, १० चं असेल तर अर्ध्या तासात.

दुसरं, धूळ. तुम्ही भोकं आठ ठेवलीत पण ती पुढे कुठे जातात ते लिहिलंच नाही. लाकडाची धूळ कॅन्सरच्या पहिल्या गटात, म्हणजे कॅन्सर नक्की करणाऱ्या गोष्टींत आहे, १९९५ पासून, ही माझी भीती नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेचं वर्गीकरण आहे. पॅडच्या वर शाफ्टलाच छोटा पंखा लावून ओढून घ्या आणि मागे पाइपला व्हॅक्युम. फक्त मोटर थंड करणारी हवा आणि धूळ ओढणारी हवा यांचे रस्ते वेगळे ठेवा, एकमेकांत मिसळले की मोटर भुसा खाते. आणि धूळ ओढली गेली नाही तर ती पेपरखाली राहून गोळ्या होतात आणि त्या गोळ्याच रेघा मारतात, तुमचे काही ओरखडे त्याचेही असतील.

दहाचा_पाना:

शिसवी ताईंना +१. त्यात भर, बेअरिंग दोन्हीकडून रबर सीलचं घ्या, टूआरएस. उघडं किंवा पत्र्याच्या झाकणाचं घातलं तर भुसा आत गेलाच समजा, आधी ओरडतं आणि मग जाम होतं, आणि जाम झालेल्या बेअरिंगवरचा पॅड म्हणजे सरळ ग्राइंडर. तेव्हा तुमचा ब्रेक पण काही करू शकत नाही.

अवांतर: पुष्कळ लोक सँडर तिरका धरून कडेने घासतात, एक डाग निघत नसला की. त्याने पॅडच्या कडेचं व्हेलक्रो गरम होऊन वितळतं आणि मग पेपर उडून जातो. दोष पेपरला देतात.

शिसवी:

तिरका धरला जातो त्याला डिझाइन पण कारण आहे हो. मोटर उंच, हात उंच, मग मशीन पुढे मागे कलंडतंच, कोणी मुद्दाम करत नाही. ब्रशलेस मोटर चपटी मिळते तर तिचा फायदा घ्या, तळहात लाकडाच्या जितका जवळ तितका ताबा. आणि पॅड सपाट कामाला कडक घ्या, मऊ घेतला तर फळीच्या कडा गोल होऊन बसतात.

अर्धवट_सुतार:

दोन आठवड्यांनी परत आलोय. पिन २.५ वर नवीन टर्न करून घेतली, स्पीड १०००० केला, वजनं दोन. खरी अंतरं २४ आणि ६६ निघाली त्यामुळे खालचं ३१ ग्रॅमच्या थोडं वर आणि वरचं साडेअकराच्या आसपास आलं. वरचं आधी उलट्या बाजूला लावलं होतं 😅 गरगरे यांनी लिहून ठेवलं होतं तरी. चालू केल्या केल्या मशीन टेबलावरून चालायला लागलं, लगेच बंद केलं. बाजू बदलली आणि खरं सांगतो, चालू झालंय की नाही ते आवाजावरून कळलं इतका फरक. वीस मिनिटं अक्रोडाची फळी घासली, मुंग्या नाहीत.

नंतर उत्साहात पॅड आणि पेपरच्या मधे जाड फोमचा एक थर लावला वक्र भागासाठी, आणि थरथर परत थोडी आली. तो काढला की जाते.

गरगरे:

येणारच. फोमने पॅडचं वजन वाढलं आणि त्याचा गुरुत्वमध्य खाली सरकला, तुझी दोन्ही वजनं जुन्या हिशोबावर उभी आहेत. पातळ फोम वापर किंवा फोम धरून बॅलन्स कर, दोन्ही एकत्र मिळणार नाही.

अर्धवट_सुतार:

पातळ चालेल. ब्रेकची रिंग पण बसवली, जुन्या रबर शीटमधून कापून. ओरखडे गेले, पण ती आता कुईकुई आवाज करते आणि पॅड फारच रेंगाळतो, मार्करची रेघ जेमतेम हलते.

दहाचा_पाना:

म्हणजे रिंग जास्त टेकतेय. अर्धा मिमी घासून कमी कर, सँडर आहेच की हातात.