पाऊस तेवढाच, तरी नाला दिवाळीलाच आटतो. खोलीकरण करावं का?

अडाण_काठ
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ. अडाण नदीला मिळणारा नाला, पाणलोट अंदाजे ४०० हेक्टर. त्यातली वरची १०० हेक्टर उताराची ई-क्लास जमीन (सरकारी गायरान), खाली वावरं. पूर्वी हा नाला फेब्रुवारीपर्यंत बारीक का होईना वाहायचा. आता एका मोठ्या पावसात गढूळ पाणी काठ सोडून जातं आणि दिवाळीत नाला कोरडा. तालुक्याची वार्षिक पावसाची आकडेवारी पाहिली, फार फरक नाही.

जमिनीत झालेले बदल असे: ई-क्लासवरचं गवत आणि पळस-धावड्याची झुडपं गेली, ज्वारी-तूर-पऱ्हाटीच्या (कापसाच्या) जागी बहुतेक सोयाबीन आलं, ट्रॅक्टरसाठी धुरे (वावरांचे बांध) मोडले आणि संत्रा-हरबऱ्यासाठी बोअर वाढले. ग्रामपंचायतीत पोकलेन लावून नाला खोल करायचा ठराव येतो आहे. ते करावं का? आणि यातल्या कोणत्या बदलाने किती नुकसान केलं, हे गावपातळीवर मोजता येतं का?

पाझरमोजणी
मोजता येतं. मोजल्याशिवाय पोकलेन बोलावू नका.

वार्षिक बेरीज बाजूला ठेवा. ९०० मिमी पाऊस ६० दिवसांत पडला की ३५ दिवसांत, यावरच सगळं ठरतं. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचे रोजचे आकडे घ्या आणि ५० मिमीच्या वरचे दिवस वेगळे काढा.

आता ई-क्लासचा हिशोब, कर्व्ह नंबर पद्धतीने. कर्व्ह नंबर म्हणजे जमिनीवरून पावसाचं पाणी किती वाहून जाईल हे सांगणारा आकडा, जितका मोठा तितकं जास्त वाहतं. उथळ, पाणी कमी मुरणाऱ्या जमिनीवर चांगलं गवत असेल तर कर्व्ह नंबर ८० धरतात, चरून उजाड झाली असेल तर ८९. साठवण (मिमी) म्हणजे २५४०० भागिले हा नंबर, वजा २५४. पहिल्या स्थितीत ६३.५ येते, दुसऱ्या स्थितीत ३१.४. साठवणीचा पाचवा हिस्सा सुरुवातीला जिरतो असं धरून १०० मिमी पावसाचं गणित केलं, तर गवताळ जमिनीवरून सुमारे ५० मिमी वाहून जातं आणि उजाड जमिनीवरून ७०. फरक २० मिमी. १०० हेक्टरवर ते २ कोटी लिटर होतं, एका दिवसात. तुमच्याकडच्या काळ्या पाषाणात झिजलेल्या थराची पाणी सोडण्याची क्षमता साधारण २ टक्के असते, म्हणजे २० मिमी पाणी पूर्ण मुरलं तर भूजल १ मीटर वर येईल. पूर्ण मुरत नाही, बराच भाग मातीत थांबून झाडाझुडपांना जातो, पण वरची जमीन किती मोठी गोष्ट आहे ते यावरून कळेल.

नाल्यासाठी पत्र्याची पाटी घ्या आणि तिच्यात काटकोनात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कापा. ऑक्टोबरात धार बारीक झाली की ती पाटी प्रवाहाला आडवी बसवा, कडा काळ्या मातीने आणि प्लास्टिकने बंद करा. पाणी खाचेतून मोकळं खाली पडलं पाहिजे, पलीकडे तुंबलं तर मोजणी चुकते. पाटीपासून मीटरभर अंतरावर, प्रवाहाच्या वरच्या बाजूला खुंटी ठोकून, खाचेच्या टोकाच्या पातळीपासून पाण्याची उंची मोजा. १० सेंमीला सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ ला १२, २० ला २५ लिटर. दर आठवड्याला, तेही सकाळी पंप सुरू होण्याआधी.

सरी_वरंबा
सोयाबीनवर सगळं खापर फुटतं, ते अर्धंच बरोबर आहे. सोयाबीन १०० ते ११० दिवसांचं पीक. पऱ्हाटी आणि तूर त्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस ओल ओढतात, त्यामुळे पिकाच्या स्वतःच्या पाण्यात सोयाबीन महाग नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी.

एक, पेरणीनंतर पहिले ३५-४० दिवस ओळी मिळत नाहीत. जमीन उघडी आणि नेमका जून-जुलैचा जोराचा पाऊस. थेंबांनी वरची माती चोपली जाते, पापुद्रा धरतो आणि भेगा बुजल्या की काळ्या मातीत पाणी मुरण्याचा वेग तासाला काही मिलिमीटरवर येतो. त्यात धुरा नाही, ट्रॅक्टर उताराच्या दिशेने लांब तास (पेरणीच्या रेघा) मारतो, म्हणजे प्रत्येक तास नाल्याकडे पाणी नेणारी नाली होते. पेरणी उताराला आडवी करा. रुंद वरंबा सरी यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर दर चार ओळींनंतर एक सरी पाडा. सरी अगदी सपाट ठेवू नका. भारी जमिनीत पाणी साचलं की सोयाबीन पिवळं पडतं आणि पुढच्या वर्षी शेतकरी सरीच बंद करतो. १०० मीटरला २०-४० सेंमी उतार द्या आणि शेवटी पाणी उतरतं तिथे दगडांची पिचिंग करा (दगड रचून बसवा), नाहीतर तिथूनच घळ सुरू होते.

दुसरं, ऑक्टोबरात वावर मोकळं झालं की हरबरा किंवा गहू येतो. तिथून पुढचा उपसा विहिरी-बोअरचा. हरबऱ्याला दोन पाणी पुरतात, गव्हाला पाच-सहा लागतात. नाला आटण्याचा महिना आणि स्प्रिंकलर सुरू होण्याचा महिना एकच आहे, हे गावात मांडा.

भूजल_वऱ्हाड
वरच्या मुद्द्याला आकडा जोडतो. एका बोअरमधून सेकंदाला २ लिटर, रोज ८ तास धरले तर दिवसाला ५७,६०० लिटर. असे ७ बोअर म्हणजे ४ लाख लिटर. पाटीवर १० सेंमी दाखवणारा नाला दिवसभरात वाहतो पावणेचार लाख. उपशाचा परिणाम नाल्यावर त्याच दिवशी दिसेलच असं नाही. उथळ विहिरींचा लवकर दिसतो, खोल बोअरचा उशिरा.

खोल बोअरमध्ये आणखी एक गोष्ट होते. केसिंग (बोअरमधला पाइप) फक्त वरच्या मुरमापर्यंत असतं, खाली भोक उघडं. पाषाणाच्या दोन थरांमधल्या लाल गेरूच्या थराने अडवलेलं वरचं पाणी त्या भोकातून खालच्या भेगांत उतरतं. पंप बंद असताना बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत पाणी पडल्याचा आवाज आला तर वरचा थर तिथे गळतो आहे. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर-बोअरला मनाई आहे. ग्रामसभेत याची आठवण करून द्यायला हरकत नाही.

खोलीकरणाआधी एक तपासणी करा. ऑक्टोबरात नाल्याच्या दोन्ही बाजूंच्या ५-६ विहिरींची पाणीपातळी पाणनळीने (पातळी जुळवायची पाणी भरलेली पारदर्शक नळी) नाल्याच्या तळाशी जुळवून पाहा. विहिरीतलं पाणी तळापेक्षा वर असेल तर जमीनच नाल्याला पाणी देते आहे. अशा ठिकाणी तळ आणखी खाली नेला की शेजारच्या वावरातलं पाणी लवकर निथळतं आणि नाला आणखी आधी आटतो. विहिरी तळापेक्षा खाली असतील तर साचलेला गाळ काढा, पण कठीण मुरूम किंवा पाषाण फोडू नका. मधे मधे न खोदलेले आडवे पट्टे ठेवा. काठ सरळ उभे कापले की पहिल्याच पावसात काळी माती ढासळते, म्हणून काठांना एकास दीड उतार (एक मीटर उंचीला दीड मीटर आडवं) ठेवा आणि काढलेली माती काठावर ढीग करून ठेवू नका.

अडाण_काठ
धन्यवाद भाऊ. मग सुरुवात ई-क्लासपासून करायची असेल तर चर किती आणि कसे घ्यायचे? आधी वनीकरणासाठी खोदलेले चर दोन पावसाळ्यांत बुजले आहेत.

सरी_वरंबा
बुजले म्हणजे बहुधा समपातळीत नव्हते. चर जरा तिरका गेला की पाणी एका टोकाला धावतं, तिथे भराव फुटतो आणि तो गाळ खालच्या चरात बसतो. प्रत्येक ओळ ए-फ्रेमने (समपातळी आखायची इंग्रजी ए अक्षरासारखी लाकडी चौकट) किंवा पाणनळीने आखा, पोकलेनवाल्याच्या नजरेवर सोडू नका.

सलग समतल चर ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल, म्हणजे मीटरला ०.१८ घनमीटर. ओळींत १० मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी १००० मीटर चर आणि १८० घनमीटर साठा, म्हणजे एका भरण्यात १८ मिमी. वर पाझरमोजणी भाऊंनी जो २० मिमीचा फरक काढला, तो जवळपास इथेच अडतो. दर १०-१५ मीटरवर थोडा भाग न खोदता ठेवा, म्हणजे एक तुकडा फुटला तरी पूर्ण ओळ वाहून जाणार नाही. माती खालच्या बाजूला टाका आणि पहिला पाऊस होताच तिच्यावर स्टायलो आणि मारवेल या चाऱ्यांचं बी फेका. माती उघडी राहिली तर चर पुन्हा बुजणारच.

चराई बंद केल्याशिवाय यातलं काही टिकत नाही. सगळी १०० हेक्टर एकदम बंद केली तर शेळ्या-गुरं असलेली घरं विरोधात जातील, आणि त्यांचं बरोबरच आहे. एक तृतीयांश हिस्सा बंद करा, पहिल्या वर्षापासून गवत कापून न्यायला मोकळीक द्या, तीन वर्षांनी दुसरा हिस्सा घ्या. ओघळींतले दगडी बांध वरून खाली बांधत या. सर्वात खालचा सिमेंट बंधारा आधी बांधला तर तो गाळानेच भरेल.

पाझरमोजणी
काम सुरू करण्याआधी या ऑक्टोबरची नाल्याची आणि विहिरींची मोजणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे मध्ये मोजते. त्याच महिन्यांत तुम्हीही मोजलं तर त्यांच्या आकड्यांशी पडताळता येईल. विहिरीच्या कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा.