चार एलईडी पट्ट्या आणि ८६ व्होल्टचा ड्रायव्हर: जुळणी कशी करावी?

प्रश्न (यावल)

भरताच्या वांग्यांची रोपे यंदा घरीच तयार करायची ठरवले आहे. गच्चीवर ट्रे ठेवले की कोकोपीट दुपारपर्यंत कोरडेठाक होते, आणि माजघरात ठेवले तर रोपे एकुलत्या एका खिडकीकडे झुकून लांबट व लुळी होतात; म्हणून लोखंडी मांडणीला दिवे बसवत आहे. ॲल्युमिनियमच्या पाठीच्या चार पांढऱ्या एलईडी पट्ट्या आणल्या असून प्रत्येकीवर २३.५ व्होल्ट, ७०० मिलिअँपिअर असे छापलेले आहे. ड्रायव्हरच्या, म्हणजे पट्ट्यांना वीज पुरवणाऱ्या डबीच्या, लेबलवर कॉन्स्टंट करंट (स्थिर प्रवाह), ७०० मिलिअँपिअर, ५४ ते ८६ व्होल्ट असा मजकूर आहे. चारही पट्ट्या सिरीजमध्ये जोडल्या की त्या क्षणभर उजळतात, विझतात आणि पुन्हा उजळतात. ड्रायव्हर खराब असावा का? दुकानदाराच्या मते तो बदलून २४ व्होल्टचा एसएमपीएस (स्थिर व्होल्टेज देणारा वीजपुरवठा) घ्यावा आणि पट्ट्या पॅरललमध्ये जोडाव्यात.

उत्तर (भुसावळ)

भुसावळच्या उन्हात राहून कृत्रिम उजेडाचा हिशेब सांगण्याची वेळ येईल असे वाटले नव्हते, परंतु आपली अडचण खरी आहे. ड्रायव्हर खराब नाही. सिरीजमध्ये व्होल्टेजची बेरीज होते आणि प्रवाह सगळीकडे तोच राहतो; चार पट्ट्यांना ९४ व्होल्ट लागतात आणि आपला ड्रायव्हर ८६ च्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे तो प्रयत्न करतो, बंद पडतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. तीनच पट्ट्या जोडा. ७०.५ व्होल्ट त्याच्या मर्यादेच्या मधोमध बसतात, आणि पट्ट्या थंड असताना त्यांना किंचित जास्त व्होल्टेज लागते तेवढी जागाही शिल्लक राहते.

एसएमपीएसचा सल्ला मात्र मानू नका. गुंडाळीतून मिळणाऱ्या लवचिक पट्टीत प्रवाहाला आवर घालणारे रेझिस्टर बसवलेले असतात, म्हणून ती स्थिर व्होल्टेजवर चालते. आपल्या पट्टीवर प्रवाह छापलेला आहे, याचा अर्थ तो बाहेरून बांधून द्यावा लागतो. एलईडीला अर्धा व्होल्ट जास्त मिळाला तरी प्रवाह बराच वाढतो, त्याने ती तापते, तापली की तिला लागणारे व्होल्टेज उतरते आणि प्रवाह आणखी वाढतो. जळगाव जिल्ह्यातल्या मे महिन्यात हे चक्र कुठे जाऊन थांबेल, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर (धुळे)

चौथी पट्टी वाया का घालवावी? १४०० मिलिअँपिअरचा, ५४ व्होल्टपर्यंत जाणारा ड्रायव्हर घेऊन दोन-दोन पट्ट्यांच्या दोन ओळी पॅरललमध्ये जोडल्या, तर ४७ व्होल्टवर चारही पट्ट्या पूर्ण उजेड देतील. शिवाय ६० व्होल्टच्या आत राहिल्याने काम करताना धोकाही कमी होईल.

उत्तर (भुसावळ)

हिशेब बरोबर आहे आणि व्होल्टेजचा मुद्दाही योग्य आहे. परंतु एका ओळीतले डाग दिलेले टोक सुटले, तर ड्रायव्हर आपले १४०० मिलिअँपिअर दुसऱ्या ओळीतून ढकलणारच, म्हणजे त्या दोन पट्ट्यांवर दुप्पट भार येणार. तेवढा प्रवाह सोसणारी पट्टी असेल तर ठीक. लेबलवर कमाल प्रवाह वेगळा दिलेला नसेल तर मी हा धोका पत्करणार नाही.

तीन पट्ट्यांच्या जोडणीतही ७० व्होल्ट डीसी असल्याने उघडी टोके ठेवू नयेत, मांडणीला अर्थिंग द्यावे आणि रोपांवर फवारा मारण्यापूर्वी स्विच बंद करावा. आणखी एक चूक अनेकांकडून होते: ड्रायव्हर चालू असताना पट्टी जोडू नये. रिकाम्या ड्रायव्हरच्या टोकांवर चढलेले व्होल्टेज जोडताक्षणी पट्टीवर आदळते आणि त्या झटक्याने एलईडी जाऊ शकतात. ड्रायव्हर मांडणीत कोंडू नका; त्याच्या कवचावर टीसी असा खुणेचा ठिपका असतो, तेथील तापमान लेबलवरील मर्यादेच्या आत राहायला हवे.

प्रश्नकर्ता (यावल)

तीन पट्ट्या जोडल्या. उजेड स्थिर आहे. मल्टीमीटरवर सुरुवातीला ७१.२ व्होल्ट दिसत होते, अर्ध्या तासाने ६९.९ झाले, म्हणजे तापल्यावर व्होल्टेज उतरते ते प्रत्यक्ष पाहिले. पट्ट्यांवर साधारण ४९ वॉट खर्च होतात. ड्रायव्हरमधली घट धरून भिंतीतून ५५ वॉट घेतले तरी रोज १४ तासांना पाऊण युनिटच्या आसपास वीज लागेल. ड्रायव्हर खिडकीबाहेर छपराखाली टांगला आहे. मात्र ट्रे पट्ट्यांपासून दीड फूट खाली आहेत आणि कडेची रोपे अजूनही मधल्या बाजूला कलतात.

उत्तर (भुसावळ)

ट्रे विटांवर चढवून अंतर एका फुटावर आणा, आणि मांडणीच्या तिन्ही बाजूंना आतून पांढरा रंग द्या.

प्रश्नकर्ता (यावल)

विटा लावल्या. चुन्याची डबी घरात होतीच.