बंद खोलीतला संवाद: सत्य गुन्हेकथेत तो लेखकाने रचावा का?

मधली_ओळ

गेली काही वर्षं सत्य गुन्हेकथांची हस्तलिखितं संपादनासाठी माझ्याकडे येतात. त्यात एक खोड इतकी सर्रास दिसते की आज त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. उदाहरणाला नानावटी प्रकरण घेते. प्रेम, विश्वासघात, रिव्हॉल्व्हर आणि कोर्ट एकाच गोष्टीत असल्यामुळे ते लिहायचा मोह प्रत्येकाला होतो.

ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातल्या कमांडर कावस नानावटीला दुपारी घरी पत्नीने सांगितलं की तिचे प्रेम आहूजाशी संबंध आहेत. त्याने बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. मग आपल्या जहाजावर गेला आणि रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचंय अशी थाप मारून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली. आहूजाच्या ऑफिसात जाऊन आला, तो तिथे नव्हता. मग त्याच्या फ्लॅटवर गेला, बेडरूममध्ये शिरला आणि दार लावलं. थोड्याच वेळात तीन गोळ्या. त्यानंतर तो स्वतःच पोलिसांत हजर झाला.

खोलीत दोघे होते, जिवंत बाहेर आला एक. आत काय बोलणं झालं ते फक्त त्या एकाच्या सांगण्यावरून आपल्याला कळतं. तिच्याशी लग्न करून मुलांना सांभाळशील का, असं आपण विचारलं. त्यावर, जिच्याबरोबर झोपलो त्या प्रत्येकीशी लग्न करत बसू का, अशा अर्थाचं उत्तर आलं. मग झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या, असं नानावटीचं म्हणणं. सुप्रीम कोर्टाने झटापटीची ही कथा मानली नाही. पण आमचे लेखक ते उत्तर थेट अवतरणचिन्हांत घालतात, आहूजाच्या ओठांवर कुत्सित हसू आणतात, वर हातात सिगारेट देतात. आरोपीचा बचाव हा घडलेला प्रसंग होऊन बसतो आणि मेलेल्या माणसाला उलट बोलायची सोय नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे की नोंदीत नसलेला संवाद सत्य गुन्हेकथेत लिहू नये. नोंदीत असेल तर तो कुणाच्या तोंडून आला हे त्याच वाक्यात यावं.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं की अशाने उत्कंठा मरते. मला उलटं वाटतं. खून कुणी केला हे पहिल्या पानापासून माहीत असलेल्या गोष्टीत वाचक अडकतो तो त्या तीन तासांत. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडलं, गोळ्या चार वीसच्या सुमारास सुटल्या. गंभीर आणि अचानक चिथावणी होती, की डोकं ठिकाणावर येऊन केलेली तयारी? सगळा खटला यावर फिरला, आणि भानावर यायला तेवढा वेळ पुरेसा होता असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. मेट्रो, जहाज, अहमदनगरची थाप, ऑफिस: एकेक थांबा सावकाश लिहा. प्रत्येक ठिकाणाहून तो परत फिरू शकला असता हे वाचकाला दिसलं की त्याचा जीव आपोआप वरखाली होतो. तोच प्रकार टॉवेलचा. आहूजा अंघोळ करून आला होता, अंगावर टॉवेल होता आणि गोळ्या लागून पडल्यावरही तो सुटलेला नव्हता. झटापट झाली असती तर टॉवेल राहिला असता का? हा तपशील नानावटीच्या जबानीआधी द्यायचा की नंतर, यात लेखकाचं खरं कसब आहे.

घाटमाथा

ताई, खोलीच्या दाराशी वाचकाला थांबवणं मला मान्य नाही. मी रहस्यकथा लिहितो. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर वाढलेला वाचक दार उघडायची वाट बघत असतो. तिथे तुम्ही 'आरोपीच्या म्हणण्यानुसार' अशी पाटी लावली की पुस्तकाचं आरोपपत्र होतं, आणि आरोपपत्र विकत घेऊन कुणी वाचत नाही.

शिवाय हा नियम फक्त गुन्हेकथेला का? प्रतापगडाखाली शामियान्यात महाराज आणि अफझलखान काय बोलले याच्या किती आवृत्त्या आपण वाचल्या, मुलांना सांगितल्या! तिथे कुणी पुरावा मागत नाही. प्रसंग उभा करायचा तर माणसं बोलणारच.

मधली_ओळ

ऐतिहासिक कादंबरी हातात घेताना ती कादंबरी आहे हे वाचकाला ठाऊक असतं. मुखपृष्ठावर 'सत्यकथा' छापून आत कल्पित संवाद घालणं वेगळं. शिवाय या प्रकरणात आहूजाच्या बहिणीने कोर्टात साक्ष दिली आहे. भावाच्या तोंडी वाक्य घालताना त्या बाईचा विचार यायला नको का?

आणि दार उघडल्यावर आत जे दाखवलं जातं ते कुठून येतं तेही बघा. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटीची बाजू उचलून धरली आणि २५ पैशांचा अंक २ रुपयांना खपला. रस्त्यावर आहूजा टॉवेल आणि खेळण्यातली नानावटी रिव्हॉल्व्हरं विकली जात होती. ज्यूरीने ८ विरुद्ध १ अशा मताने निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथे जन्मठेप झाली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. तरी साठ वर्षांनंतरचा लेखक 'ब्लिट्झ'चीच गोष्ट सांगतो, कारण ती आयती रंगलेली आहे.

कोरं_पान

मी प्रेमकथा लिहिते, त्यामुळे माझी तक्रार दोघांकडेही आहे. तुम्ही दोघं बेडरूमच्या दारावर भांडताय. या गोष्टीतल्या बाईचं काय? ती एक तर भोळी, फसलेली गृहिणी असते नाही तर बाहेरख्याली. दोन्हीकडे ती फक्त 'कारण' असते. तिने आहूजाला लिहिलेली पत्रं खटल्यात पुरावा म्हणून आली. त्यांत आशा आहे, संशय आहे, हा आपल्याला टाळतोय की काय ही धास्ती आहे. प्रेमकथा लिहिणाऱ्याला दिसतं की ते नातं खुनाच्या दिवसाआधीच तुटत चाललं होतं. गुन्हेकथावाले त्या पत्रांतून फक्त हेतू उचलतात आणि पुढे जातात.

मधली_ओळ, तुमचा नियम मी जशाच्या तसा पाळला तर तिच्या मनात शिरताच येणार नाही. माझा मार्ग असा की पत्रातलं पत्रातलं म्हणून द्यावं, आणि त्यापुढे जाताना 'तिला असं वाटलं असेल' असं उघड म्हणावं. 'असेल'ने वाचक दुरावत नाही. लेखक आपल्याबरोबर शोधतोय असं त्याला वाटतं.

घाटमाथा

+१. आणि एकदा 'असेल' चाललं की संवादही चालला पाहिजे. मनातलं रचता येतं आणि ओठांवरचं नाही, हा भेद मला पटत नाही.

जुनी_फाईल

वकिली केली आहे, म्हणून दोन मुद्दे.

नानावटी खटल्याला लावलं जाणारं 'देशातला शेवटचा ज्यूरी खटला' हे बिरुद कृपया गाळा. त्यानंतरही काही काळ देशात ज्यूरीपुढे खटले चालले. रंगतदार दंतकथा तपासल्याशिवाय पुढे ढकलणं हाही रचलेला संवादच.

दुसरं, पुण्याचं जोशी-अभ्यंकर हत्याकांड घ्या. १९७६-७७ मध्ये दहा खून, चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी. त्या घरांच्या आत काय घडलं ते मुख्यतः माफीच्या साक्षीदारामुळे समजलं. असा साक्षीदार स्वतः त्या गुन्ह्यात भागीदार असतो, म्हणून त्याच्या सांगण्याला स्वतंत्र पुराव्याची जोड मिळते का हे कोर्ट बघतं. लेखकानेही निदान तेवढं बघावं. मी मधली_ओळ यांच्याशी सहमत आहे.

घाटमाथा

वकीलसाहेब, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. त्या प्रकरणात फुटलेल्याची जबानी आहे. फाशी गेलेल्यांपैकी एकाने तुरुंगात लिहिलेलं आत्मकथनही आहे. म्हणजे मारणारे भरभरून बोलतात. मेलेल्या दहा जणांकडे काय आहे? पंचनामा! 'नोंदीत नसेल ते लिहू नये' या नियमाचा फायदा दर वेळी मारणाऱ्याला होतो, कारण नोंद त्याची होते. मेलेल्याला आवाज द्यायचा तर कल्पनेशिवाय मार्ग नाही. मी बाजारासाठी वाद घालतोय असं कुणाला वाटत असेल तर हे वाचा.

मधली_ओळ

आतापर्यंतचा हा सगळ्यात वजनदार मुद्दा. पण नोंद म्हणजे फक्त पोलिसांची नोंद नव्हे. भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात मारले गेलेले काशिनाथशास्त्री अभ्यंकर संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित होते. त्यांनी केलेला व्याकरणाचा कोश अभ्यासक आजही उघडतात. वडील वासुदेवशास्त्रींनी मराठीत आणलेलं पतंजलीचं महाभाष्य त्यांनी संपादित केलं. अशा माणसाला गुन्हेकथेत 'वृद्ध संस्कृत पंडित' एवढे तीन शब्द मिळतात आणि गळा आवळायला दोन पानं. हे प्रमाण उलटं करा ना. मारेकरी घरात शिरण्याआधीची चार पानं त्यांच्या कामाला द्या. आवाज त्यांनी लिहून ठेवलाय, फक्त वाचनालयात जाण्याचे कष्ट आहेत.

घाटमाथा

वाचनालयात जाईन, चार पानं आनंदाने देईन. पण संध्याकाळच्या भरल्या घरात माणसं मुकी नसतात. ती माझ्या पुस्तकात बोलणार, आणि ते बोलणं माझं आहे हे मी पहिल्याच पानावर छापणार.