युरोपातील निरंकुश राजांनी सत्ता मिळवली कशी आणि टिकवली कशी?

मलप्रभाकाठ (खानापूर):

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात आम्ही काही जण एक वाचनमंडळ चालवतो. बहुतेक सभासद कन्नड किंवा इंग्रजी माध्यमातून इतिहास शिकलेले आहेत, आणि या विषयांवर मराठीतूनही बोलता यावे एवढाच मंडळाचा हेतू आहे. पुढच्या बैठकीसाठी सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय राजांची तुलना हा विषय माझ्या वाट्याला आला आहे.

अडचण अशी की, परीक्षेच्या जवळजवळ प्रत्येक टिपणात तीच चार कारणे मांडलेली सापडतात: खडी फौज, पगारी नोकरशाही, राजाचा अधिकार ईश्वरदत्त असल्याचा सिद्धांत आणि सरदारांचे खच्चीकरण. फ्रान्सचा चौदावा लुई, प्रशियाचे राजे आणि रशियाचा पीटर या सर्वांना हा एकच अंगरखा चढवलेला असतो. परंतु इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचाही ईश्वरदत्त अधिकारावर पूर्ण विश्वास होता आणि १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. पोलंडचे घोडदळ साऱ्या युरोपात नावाजलेले होते, तरी तिथला राजा सरदारांपुढे कायम दुबळाच राहिला. मग हा फरक कशाने पडला? शिवाय सत्ता मिळवणे आणि ती टिकवणे यांची कारणे एकच मानावीत की वेगवेगळी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

तवंदी घाट (निपाणी):

आपण दिलेली चारही कारणे टाकाऊ नाहीत, मात्र फौज आणि नोकरशाही बाळगायला आधी पैसा लागतो, आणि तो गावोगाव जाऊन गोळा करण्याइतकी माणसे त्या काळी कोणत्याच राजाच्या पदरी नव्हती. गावावर हुकमत चालत असे ती जमीनदार-सरदारांची. तेव्हा या मंडळींनी दर वेळी आपली संमती न घेता राजाला कर का बसवू दिला, इथून सुरुवात करावी. फुकट तर नक्कीच नाही.

ब्रांडेनबुर्ग-प्रशियाचे उदाहरण मी मुद्दाम आधी घेतो, कारण तिथला सौदा कागदावर उतरलेला आहे. तिथला इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला संस्थानिक) फ्रेडरिक विल्यम १६४० मध्ये गादीवर आला तेव्हा तीस वर्षांच्या युद्धाने मुलूख उजाड झाला होता. १६५३ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या सभेने, म्हणजे सरदार आणि नगरे यांच्या प्रतिनिधींनी, फौजेसाठी सहा वर्षांत मिळून ५,३०,००० थेलर (चांदीची नाणी) द्यायचे कबूल केले. बदल्यात युंकर जमीनदारांचे कुळांवरचे हक्क इलेक्टरने पक्के करून दिले. त्यातले एक कलम नीट पाहण्यासारखे आहे: ज्या भागात भूदासत्वाची, म्हणजे कुळाला जमिनीशी बांधून ठेवण्याची, चाल आहे तिथल्या एखाद्या कुळाने आपण भूदास नसल्याचे सांगितले, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी त्या कुळावरच टाकलेली होती. नांगर धरणारा माणूस कुठून कागद आणणार आणि कोणासमोर मांडणार? गावातला न्यायनिवाडाही जमीनदाराच्याच हाती होता. ठरलेली सहा वर्षे पुरी होण्याआधीच १६५५ मध्ये बाल्टिकचे युद्ध पेटले, फौज वाढली, आणि पुढचे कर इलेक्टरने संमतीची फारशी वाट न पाहता वसूल केले. युंकरांनी कुरकूर केली. पण त्यांचे घरचे राज्य शाबूत असल्यामुळे प्रकरण बंडापर्यंत गेले नाही.

पूर्वेकडच्या प्रशिया प्रांतात मात्र विरोध चिवट होता आणि तिथे त्याने दुसरा हात दाखवला. १६६२ मध्ये तो फौज घेऊन कोनिग्सबर्गला गेला आणि नगरातील विरोधकांचा पुढारी हिरोनिमस रोट याला त्याने कैद केले. रोट १६७८ मध्ये कैदेतच वारला. म्हणजे बळाचा वापर झालाच, पण सौदा ज्यांच्याशी जमला नाही त्यांच्यावर.

फ्रान्समध्ये देवघेव चालली ती मुख्यतः पदांची. १६०४ पासून अशी सोय झाली होती की, पदधारकाने पदाच्या किमतीचा साठावा हिस्सा दर वर्षी सरकारात भरला की ते पद त्याच्या घराण्यात वारसाने चालू राही. न्यायाधीशाची खुर्ची अशा रीतीने घरची मालमत्ता झाली. सरकारला रोख पैसा मिळाला, पण किंमत परत केल्याशिवाय त्या माणसाला काढता येईना. १६४८ मध्ये सरकारने या हितसंबंधांना हात घातला तेव्हा पॅरिसचे न्यायाधीशच उलटले, आणि पुढे बडे सरदारही त्या बंडाळीत उतरले. जानेवारी १६४९ मध्ये दहा वर्षांच्या लुईला रातोरात पॅरिस सोडावे लागले होते.

१६६१ मध्ये मुख्य प्रधान माझारिन वारल्यावर लुईने आता मुख्य प्रधान नेमणार नाही असे जाहीर केले आणि त्याच वर्षी अर्थकारभारी फुके याला अटक केली. विकलेली पदे मात्र त्याने रद्द केली नाहीत. त्यांच्या डोक्यावर त्याने इंटेंडंट बसवले. हे केवळ राजाच्या नेमणुकीवर असत, त्यामुळे हवे तेव्हा बदलता येत. पण ते होते जेमतेम तीसेक, आणि लोकसंख्या सुमारे दोन कोटी. एवढ्या माणसांनी स्थानिक वजनदारांना मोडून काढले हे हिशेबात बसत नाही. त्यांना हाताशी धरूनच काम चालले. लांगडॉकसारख्या प्रांतात सभा भरतच राहिली आणि कराच्या रकमेतला मोठा वाटा व्याज, मानधन आणि देणग्या यांच्या रूपाने तिथल्याच प्रतिष्ठितांकडे परत वळला. आपल्याकडे विजापूरची आदिलशाही १६८६ मध्ये बुडाली तरी गावचे पाटील-कुलकर्णी आणि परगण्याचे देसाई बहुतेक तेच राहिले, कारण वसुली त्यांच्यावाचून कोणालाच जमत नव्हती. लुईची गरज याहून फार निराळी नव्हती.

व्हर्सायबद्दल एक सावधगिरी. दरबार १६८२ मध्ये तिथे हलला. सकाळी राजाच्या हाती सदरा कोणी द्यायचा यालाही मानाचा क्रम होता, आणि दरबारात न दिसणाऱ्यासाठी कोणी रदबदली केली तर ‘त्या गृहस्थांना मी कधी पाहत नाही’ असे राजा म्हणे, अशी आठवण सांगतात. त्यावरून व्हर्सायला सरदारांचा सोन्याचा पिंजरा ठरवण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. फ्रान्समधले बहुसंख्य सरदार तिथे कधी राहिलेच नाहीत. जे राहिले ते फौजेतल्या जागा, पेन्शन आणि मुलांच्या नेमणुका पदरात पाडून घेण्यासाठी राहिले.

मार्कंडेय (बेळगाव):

तवंदी घाट यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, तरी सरदारांशी सौदा हे सूत्र डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये चालत नाही. युरोपातली कागदोपत्री सर्वांत पक्की निरंकुश सत्ता डेन्मार्कची, आणि ती आली सरदारांना बाजूला सारून.

१६५८ ते १६६० या काळात स्वीडिश फौजांनी कोपनहेगनला वेढा घातला होता. राजा तिसरा फ्रेडरिक शहर सोडून गेला नाही आणि नागरिकांनी तट लढवला. युद्ध संपले तेव्हा तिजोरीत खडखडाट होता, तरी सरदार आपली करमाफी सोडायला तयार नव्हते. १६६० च्या शरद ऋतूत सभा भरली तेव्हा नागरिक आणि धर्मगुरू यांनी एकत्र येऊन राजपद वंशपरंपरागत करण्याची मागणी केली. तोवर राजाला निवडताना सरदार त्याच्याकडून अटींची सनद लिहून घेत असत. शहराचे दरवाजे बंद झाले, नागरिकांचे पथक हत्यारबंद उभे राहिले, आणि सरदारांना मान तुकवावी लागली. जुनी सनद रद्द झाली. १६६५ मध्ये राजकायदा तयार झाला, तो तर वाचण्यासारखा आहे: राजाने राज्याची वाटणी करू नये, ठरलेला लुथरन धर्म सोडू नये आणि हा कायदा बदलू नये, एवढेच बंधन त्याच्यावर होते. तो छापून प्रसिद्ध व्हायला १७०९ उजाडले. ही व्यवस्था १८४८ पर्यंत टिकली.

स्वीडनमध्ये अकराव्या कार्लने १६८० मध्ये, पूर्वीच्या राजांनी सरदारांना दिलेल्या सरकारी जमिनी परत घ्यायला सुरुवात केली. हे काम आपल्या भागातल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. १८५२ मध्ये कंपनी सरकारने दक्षिण महाराष्ट्रात, म्हणजे आपल्याच बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात, इनाम कमिशन कामाला लावले, सनदा तपासल्या आणि ज्यांचा पुरावा मान्य झाला नाही त्यांची इनामे खालसा केली. कंपनीला त्यासाठी इथल्या कोणाला विचारावे लागले नाही. कार्लने मात्र सभेतल्या शेतकरी, नागरिक आणि धर्मगुरू या तिन्ही वर्गांना आणि जमीन नसलेल्या लहान सरदारांना बरोबर घेतले. बड्या घराण्यांना त्यांनीच एकटे पाडले. परत आलेल्या जमिनींच्या उत्पन्नावर अधिकारी आणि शिपाई पोसले गेले, म्हणून राजाला शांततेच्या काळात वारंवार कर मागावा लागला नाही.

टिकण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही देशांत अंतर आहे. बारावा कार्ल १७१८ मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत गोळी लागून मेला, त्याला मूलबाळ नव्हते. बहीण उलरिका एलिओनोरा हिला मुकुट हवा होता. निरंकुश सत्तेवर पाणी सोडल्यावरच सभेने तो तिला दिला. डेन्मार्कच्या कायद्यात वारसाचा क्रम तपशिलाने ठरवून ठेवला होता, त्यामुळे असा पेच तिथे आला नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर):

दोघांचेही मनःपूर्वक आभार. म्हणजे राजाने कोणाशी हातमिळवणी केली आणि तिची झळ कोणाला बसली, या अंगाने तुलना करावी असे दिसते. त्या दृष्टीने पहिला चार्ल्स कुठे चुकला? आणि पीटरने सरदारांच्या दाढ्यादेखील कापवल्या. त्याने कोणाशी काही देवघेव केली असे म्हणता येईल का?

शहापूर पेठ (बेळगाव):

इंग्लंडचे थोडक्यात सांगतो. चार्ल्सने १६२९ ते १६४० पार्लमेंट बोलावलेच नाही, आणि पूर्वी बंदरांच्या बाजूने युद्धप्रसंगी घेतला जाणारा जहाजपट्टीचा पैसा समुद्रापासून दूरच्या परगण्यांतूनही दर वर्षी मागायला सुरुवात केली. १६३८ मध्ये न्यायाधीशांनी सात विरुद्ध पाच अशा निसटत्या बहुमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. पण वसुली करणारे शेरीफ आणि स्थानिक दंडाधिकारी हे त्याच परगण्यांतले बिनपगारी जमीनदार होते; त्यांना त्या बदल्यात काहीच मिळाले नव्हते. त्यांनी हात आखडता घेतला आणि वसुली ढासळली. १६४० मध्ये स्कॉट फौज सरहद्द ओलांडून आली तेव्हा राजाकडे ना पैसा होता ना खडी फौज. यापुढचा भाग माझ्या मते सर्वांत उद्‌बोधक आहे: १६८८ नंतर पार्लमेंटच्या संमतीने चालणाऱ्या इंग्लंडच्या सरकारने दरडोई जो कर वसूल केला, तो निरंकुश म्हणवणाऱ्या फ्रान्सच्या राजापेक्षा जास्त होता.

पोलंडच्या सरदारांना करमाफी, कुळांवरची सत्ता आणि राजा निवडण्याचा हक्क आधीच मिळालेला होता. राजाजवळ देण्यासारखे काही उरलेच नव्हते.

रशियात सौदा झाला, पण पीटरच्या आधी. १६४९ च्या कायद्याने पळून गेलेल्या कुळाला शोधून परत आणण्याची मुदतच काढून टाकली. ही लहान जमीनदारांची जुनी मागणी होती. कूळ जमिनीला कायमचे बांधले गेले आणि जमीनदार झारच्या चाकरीला बांधला गेला. पीटरने यातली चाकरीची बाजू आवळली. १६९८ मध्ये बंड करणाऱ्या स्त्रेल्त्सी शिपायांना त्याने शेकड्यांनी देहान्त शासन केले. १७२२ च्या दर्जापत्रकात चाकरीच्या चौदा पायऱ्या लावल्या: फौजेत सर्वांत खालच्या अधिकाऱ्यालाही वंशपरंपरागत सरदारकी, मुलकी खात्यात मात्र आठव्या पायरीपासून. मोठ्या घरच्या मुलालाही खालूनच चढावे लागे. दाढीचे प्रकरण गाजते, पण घराण्याचा मान चाकरीवर अवलंबून ठेवणे ही त्याहून मोठी गोष्ट होती.

टिकवण्यात मात्र पीटर कमी पडला. मुलगा अलेक्सेई १७१८ मध्ये बापाच्याच कैदेत मेला. १७२२ मध्ये झारने आपला वारस स्वतः नेमावा असा कायदा झाला, आणि १७२५ मध्ये पीटर वारस न नेमताच गेला. पुढे १७२५, १७४१ आणि १७६२ मध्ये गादीवर कोणी बसायचे ते राजधानीतल्या गार्ड पलटणींच्या जोरावर ठरले, आणि या पलटणी सरदारांच्या मुलांनी भरलेल्या होत्या. १७६२ मध्ये सरदारांची सक्तीची चाकरी माफ झाली. कुळांची सुटका व्हायला १८६१ साल यावे लागले.

मलप्रभाकाठ (खानापूर):

उत्तम. शेवटची शंका: स्पेन या तुलनेत घ्यावा की वेळेअभावी वगळावा?

मार्कंडेय (बेळगाव):

वेळ असल्यास घ्यावा, मात्र दुसऱ्या फिलिपवर थांबू नये. १६२६ मध्ये तेव्हाच्या राजाचा मुख्य मंत्री ओलिवारेस याने सर्व प्रांतांनी ठरलेल्या प्रमाणात शिपाई द्यावेत अशी योजना काढली. कॅटलोनियाला आपले जुने हक्क जाण्याची भीती वाटली, आणि फौजेचा भार अंगावर पडल्यावर १६४० मध्ये तिथे बंड झाले. त्याच वर्षी पोर्तुगालही फुटून निघाला. हक्क मोडून निघाले ते पुढे, स्पेनच्या गादीसाठी झालेल्या वारसायुद्धात पाचवा फिलिप जिंकल्यावर: १७०७ मध्ये अरागॉन आणि व्हॅलेन्सियाचे, १७१६ मध्ये कॅटलोनियाचे. नवार आणि बास्क प्रांत त्या युद्धात त्याच्या बाजूने उभे राहिले होते, म्हणून त्यांचे हक्क त्याने तसेच राहू दिले. बैठकीत नकाशा लावणार असाल तर हे दोन्ही भाग वेगळ्या रंगांत दाखवावेत.