मदत हवी आहे: ४,२९,४९,६७,२९७ चे अवयव

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे. परवा तिला गणितज्ञ फर्माच्या संख्या सांगत होतो, म्हणजे २ च्या १, २, ४, ८, १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या: ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ. पुढचीही मूळच असणार, असं फर्माला वाटलं होतं. ती पुढची म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, चार अब्जांच्या वर! १७३२ मध्ये ऑयलरने तिचे अवयव काढले, ६४१ आणि ६७,००,४१७. मुलीने वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून पाहिला, हातचे दोनदा चुकले, मग जुळला.

६४१ ने भाग का जातो, ते मला पटतं. ६४१ म्हणजे ६२५ + १६ (५ आणि २ चे चौथे घात), आणि ६४० + १ सुद्धा. ५ × १२८ ला ६४१ ने भागलं की बाकी −१, चौथा घात घेतला की १, आणि ६२५ च्या जागी −१६ ठेवलं की काम झालं. फारच देखणं आहे हे.

पण मुलीने विचारलं, "बाबा, त्याला ६४१ सुचलं कसं?" मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच हवा, इथवर मी पोचलो. तसं पाहिलं तर १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१, पाचव्या प्रयत्नात सापडतो. आता कळतंय की ६४ नव्हे, १२८ ची पट घेतली तरी चालते; मग फक्त २५७ आणि ६४१ तपासायचे. हे १२८ कुठून आलं? बाकींचं गणित (मॉड्युलो) तिला जेमतेम येतं, त्यामुळे वर्गबाक्यांचा सिद्धांत न आणता कोणी समजावेल का?