जुनी 'स्पेशल एडिशन' लेझर (एकट्याने चालवायची शिडाची होडी) ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुतणीसाठी मुंबईत एक जुनी लेझर बघितली आहे. मालक म्हणतात, ही दुर्मिळ स्पेशल एडिशन आहे. डेक गडद निळा, कडेने सोनेरी पट्टी. रंग मूळचा की नंतर मारलेला, हे कसं ओळखायचं? मला वाटतं, कड्या-क्लीटचे (दोरी अडकवायच्या पकडींचे) स्क्रू काढले की खाली मूळ जेलकोट (कारखान्यातला वरचा रंगीत थर) दिसायला हवा. कोणी असं करून पाहिलंय का?

नाळेवरच्या (होडीच्या पुढच्या टोकावरच्या) कडीखाली साच्यातलाच नंबर आहे, १४८२०० च्या आतला. त्यामुळे कॉकपिटमध्ये बिल्डरची अधिकृत पाटी नसली तरी चालेल, असं नियमांवरून दिसतं. बरोबर ना?

माझी खरी काळजी शिडाची आहे. ७.०६ चौरस मीटरचं, नवंकोरं, पण कोपऱ्यात क्लासचं (या होड्यांच्या संघटनेचं) अधिकृत बटण नाही, म्हणजे बहुधा रेप्लिका (अनधिकृत नक्कल). सरावाला ठीक, पण इल्का ७ च्या (मोठ्या शिडाच्या लेझरचं आताचं नाव) शर्यतीत मोजणीवाले ते बाद करणारच. पोरगी मनापासून मेहनत घेते. बोटीपायी ती अपात्र ठरायला नको.

अशा रंगाची लेझर कोणाकडे असेल तर डेकचे आणि नंबरचे फोटो टाका, प्लीज. दुर्मिळ म्हणून जास्त पैसे द्यावेत का, तेही सांगा. रविवारी मालकांना उत्तर द्यायचंय.